पत्त्यातला शेवटचा आकडा

«ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय १९. गेल्या महिन्यात निकाल लागला तेव्हा कॉलेजच्या साइटवर लॉगिन करून गुणपत्रिका उघडली. वरच्या पत्त्यात शेवटी माझा बैठक क्रमांक दिसत होता. सहज म्हणून शेवटचा आकडा एकने वाढवला, तर वर्गातल्या मुलीची गुणपत्रिका उघडली. मग बघतच गेलो. ४३ जणांच्या उघडल्या आणि पीडीएफ उतरवून ठेवल्या. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, मोबाइल नंबर, सगळं त्यात आहे. कोणाला पाठवल्या नाहीत, फक्त रूममेटला दाखवल्या. तेव्हापासून तो मागे लागलाय की त्याच्या आधीच्या मैत्रिणीचं इन्स्टाग्राम उघडून दे, २,००० रुपये देतो. मला एथिकल हॅकर, म्हणजे परवानगी घेऊन साइटमधले दोष शोधणारा, व्हायचंय. पुण्यातल्या एका क्लासची सहा महिन्यांची फी ८५,००० आहे, १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात. वडिलांची तीन एकर द्राक्षबाग आहे, यंदा पावसानं घात केला. आई म्हणते, पाटल्या मोडू. क्लास लावू का? आणि कॉलेजला सांगू की गप्प बसू? — स.»

प्रिय स.,

आईला सांग, पाटल्या मोडायच्या नाहीत. हे आधी सांगून टाकते, कारण सराफाकडे जायला वेळ लागत नाही आणि क्लासवाले 'आज भरलेत तर दहा टक्के सूट' म्हणत असतात. क्लासचं खाली लिहीनच. आधी त्या ४३ गुणपत्रिकांचं बघू, ते जास्त तातडीचं आहे.

तुझ्या हाती काय लागलंय ते तुला नेमकं कळलंय का, याची मला शंका आहे. गावातली पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आण. दळणाचे डबे ओळीनं ठेवलेत. गिरणीवाला दारात बसलाय. अनोळखी माणसाला तो आत सोडत नाही, तुला सोडतो, कारण तू गावचा. पण आत जाऊन तू म्हणालास, 'तो तिसरा डबा द्या,' तर डबा कोणाचा हे न विचारता तो उचलून देतो. ओळख दारात तपासली, डब्यापाशी तपासलीच नाही. तुझ्या कॉलेजच्या साइटचं हेच झालंय. लॉगिन करताना 'तू कोण' हे तिनं विचारलं. 'ही गुणपत्रिका तुझीच का' हे विचारायला प्रोग्राम लिहिणारा विसरला आणि पत्त्यात जो आकडा येईल त्याचा कागद साइट देत राहिली. संगणक सुरक्षेच्या आमच्या धंद्यात याला आयडॉर म्हणतात. ओवास्प नावाची संस्था वेबसाइटमधल्या दहा सर्वांत घातक दोषांची यादी काढते. २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर 'ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल' होतं, म्हणजे कोणाला काय बघू द्यायचं याची तपासणीच मोडकी, आणि हा त्याच घराण्यातला दोष.

हा आडगावच्या कॉलेजाचा गबाळेपणा आहे असंही समजू नकोस. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या घरांच्या मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या बड्या कंपनीच्या साइटवर सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी उघड्या पडल्याचं बाहेर आलं. बँक खात्यांचे क्रमांक, कराचे कागद, काय म्हणशील ते. पत्त्यातला आकडा बदलायचा, पुढचा कागद हजर. तिथे तर लॉगिनसुद्धा लागत नव्हतं.

तेव्हा आकडा बघून तुझा हात वळवळला याला मी नावं ठेवणार नाही. तो वळवळ करणारा हात नसेल तर या कामात येऊच नये. पण दोष पहिल्याच परक्या गुणपत्रिकेला सिद्ध झाला होता. पुढच्या ४२ कशासाठी उघडल्यास? आणि उतरवून कशासाठी ठेवल्यास? याचं प्रामाणिक उत्तर 'मजा आली' असं असेल, आणि मला ते समजतं. पोलिसांना आणि कोर्टाला ते तितक्या सहज समजेल याची खात्री देता येत नाही.

तुझ्याच वयाच्या एका मुलाची गोष्ट सांगते. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात माहिती अधिकाराखाली दिलेली कागदपत्रं सरकारी पोर्टलवर ठेवत असत. पत्त्यात शेवटी क्रमांक. २०१८ मध्ये १९ वर्षांच्या एका मुलानं ते क्रमांक एकापाठोपाठ मागणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि सुमारे ७,००० कागद उतरवून घेतले. सगळे लोकांसाठीच खुले आहेत असं तो समजत होता. त्यातल्या अडीचशेच्या आसपास कागदांत लोकांची खासगी माहिती होती, ती तिथे ठेवणारं सरकारच होतं. पण एप्रिलमध्ये पोलिसांचा ताफा आला तो त्या मुलाच्या घरी. घराची झडती झाली, संगणक गेले, त्याला अटक झाली. मे महिन्यात पोलिसांनी गुन्हा दाखल करत नसल्याचं जाहीर केलं. म्हणजे सुटला. पण झडती झाली ती झालीच, आणि त्या घरातल्या आईबापांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते तू तुझ्या घरात बसून बघ.

दुसरी गोष्ट इतकी निरागस नाही. २०१० मध्ये अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचा सर्व्हर आयपॅडच्या सिमकार्डाचा क्रमांक दिला की त्या ग्राहकाचा ईमेल परत द्यायचा. अँड्र्यू ऑर्नहायमर आणि त्याचा साथीदार यांनी क्रमांक टाकत जाणारा प्रोग्राम चालवून सुमारे १,१४,००० ईमेल गोळा केले आणि ते एका बातम्यांच्या साइटला दिले. ऑर्नहायमरला २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात ती रद्द झाली खरी, पण कशावरून? तर खटला चुकीच्या राज्यात चालवला, यावरून. तोवर माणूस वर्षभर आत बसून आला होता.

आपल्याकडे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. त्याचं कलम ४३ वाच, दोन पानांचं आहे, क्लासच्या माहितीपत्रकापेक्षा उपयोगी आहे. संगणकाच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय आत शिरणं, आणि त्यातली माहिती उतरवून घेणं, या दोन्ही गोष्टी त्यात वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. नुसतं ४३ म्हणजे नुकसानभरपाई. तेच लबाडीच्या किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझा हेतू लबाडीचा नव्हता हे मला पत्रावरून दिसतं. मात्र चांगल्या हेतूनं दोष शोधणाऱ्याला थेट संरक्षण देणारं कलम या कायद्यात नाही. अमेरिकेच्या न्याय खात्यानं २०२२ मध्ये जाहीर धोरण काढलं की सद्‌हेतूनं केलेल्या संशोधनावर खटले भरायचे नाहीत. नेदरलँड्समध्ये तर सरकारी यंत्रणेतला दोष रीतसर कळवणाऱ्याला टी-शर्ट देतात, त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं की मी डच सरकार हॅक केलं आणि मला मिळाला तो हा फडतूस टी-शर्ट. आपल्याकडे टी-शर्टची वाट बघू नकोस.

मी शहाणपणा शिकवतेय असं वाटत असेल तर माझंच एक प्रकरण ऐक. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका पतसंस्थेची सुरक्षा तपासणी आमच्याकडे आली होती. लेखी परवानगीत तीन सर्व्हरचे पत्ते दिलेले. मी तिन्ही तपासले, दुपारपर्यंत काम उरकलं, आणि वाटलं, शेजारचे पत्तेही बघून घेऊ, तेवढाच अहवाल भारदस्त होईल. पूर्ण रांगेवर स्कॅनर, म्हणजे प्रत्येक पत्त्यावर काय चालू आहे ते ठोठावून बघणारा प्रोग्राम, सोडला. त्या रांगेत प्रिंटर होते. नेटवर्कवरच्या प्रिंटरला ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, काहीही पाठवलं की तो ते छापायचा मजकूर समजतो. मुख्य कार्यालयातले सगळे प्रिंटर एकदम सुरू झाले आणि पानामागून पान, प्रत्येकावर एकदोन ओळी अगम्य चिन्हं. त्याच दिवशी वार्षिक सर्वसाधारण सभेचे अहवाल छापायचे होते. कागदाची दोन बंडलं वाया गेली. शिपाईमामांनी शेवटी एकेका प्रिंटरची वायर उपटली. माझ्या साहेबांनी मला अध्यक्षांसमोर उभं केलं आणि म्हणाले, 'काय केलं ते तुम्हीच सांगा.' मी सांगितलं. अध्यक्ष तासगावकडचे बागायतदार होते, ते एवढंच म्हणाले, 'मुली, तुला तीन ओळींत फवारणी सांगितली होती, तू चौथ्या ओळीत का गेलीस?' (नंतर वाचलं की एनमॅप हे प्रसिद्ध अवजार सेवांची आवृत्ती तपासताना ९१०० ते ९१०७ ही पोर्ट आपणहून टाळतं, ते याच कारणासाठी. मी वापरलेलं अवजार इतकं समंजस नव्हतं.)

द्राक्षबागायतदाराच्या मुलाला तो चौथ्या ओळीचा प्रश्न मी समजावून सांगायला नको. ही विद्या शिकताना आत कसं शिरायचं हे वर्षा-दोन वर्षांत जमतं. कुठे थांबायचं, कुठवर गेलो ते कसं नोंदवायचं आणि मालकाला कसं सांगायचं, याला जास्त काळ लागतो. पगार मुख्यतः त्याचाच मिळतो.

आता काय करायचं. आजपासून त्या पत्त्यात एकही आकडा बदलायचा नाही, दोष दुरुस्त झाला का हे 'सहज बघायला'सुद्धा नाही. उतरवलेल्या पीडीएफ कोणाला पाठवायच्या नाहीत, उघडायच्या नाहीत, क्लाउडवर चढवायच्या नाहीत. त्या घाईघाईनं पुसून 'मी काही केलंच नाही' असा आवही आणायचा नाही, कारण सर्व्हरच्या नोंदवहीत तुझं लॉगिन, वेळ आणि ते ४३ क्रमांक बहुतेक बसलेले आहेत. घरी वडिलांना सांग. नात्यात किंवा ओळखीत वकील असेल तर त्यांच्याशी अर्धा तास बोल, पत्र देण्याआधी. मग तुझ्या विभागप्रमुखांना भेट, शक्यतो ज्या शिक्षकांचा तुझ्यावर विश्वास आहे त्यांना बरोबर घेऊन, आणि प्राचार्यांच्या नावानं एक पानाचं पत्र दे.

पत्रात 'हॅक' हा शब्दच नको. तो शब्द वाचला की लोकांना टोपी घातलेला अंधारातला माणूस दिसतो. अमुक तारखेला अमुक वाजता निकाल बघताना असं आढळलं की लॉगिन केलेला विद्यार्थी पत्त्यातला क्रमांक बदलून दुसऱ्याची गुणपत्रिका बघू शकतो, आणि तिथे मोबाइल नंबर व जन्मतारीखही दिसते. मी उत्सुकतेपोटी ४३ गुणपत्रिका उघडल्या व उतरवल्या, ही माझी चूक झाली. त्या माझ्या लॅपटॉपवर आहेत, एका रूममेटला दाखवल्या आहेत, पुढे कोणाला दिलेल्या नाहीत, आपल्यासमोर पुसायला तयार आहे. मग उपाय सांग, कारण नुसती तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात: गुणपत्रिका देण्याआधी सर्व्हरनं तपासावं की मागितलेला क्रमांक लॉगिन केलेल्या विद्यार्थ्याचाच आहे. साइट बनवणारे म्हणतील की आम्ही क्रमांकाच्या जागी लांबलचक अक्षरांची माळ घालतो. त्यानं अंदाज करणं अवघड होईल, पण गिरणीवाला डबा कोणाचा हे तेव्हाही विचारणार नाही. तेवढं नम्रपणे लिही. बक्षीस, प्रमाणपत्र, नोकरी, काही मागू नकोस. 'दुरुस्त केलं नाही तर सोशल मीडियावर टाकेन' हे तर अजिबात नको, तिथून पुढे प्रकरणाला खंडणीचा वास यायला लागतो. पोच घे.

कॉलेजनं पत्र टेबलाच्या खणात टाकलं तर? होऊ शकतं. तीन-चार आठवडे वाट बघ, एकदा लेखी आठवण दे, आणि तरी हालचाल नसेल तर सर्ट-इनला कळव. ही केंद्र सरकारची संगणक सुरक्षेची यंत्रणा, २००४ पासून काम करते, आणि अशा दोषांची माहिती घेऊन संबंधितांशी बोलणं हे तिचं कामच आहे. तिच्या साइटवर त्यासाठीचा नमुना आहे.

रूममेटचं थोडक्यात. त्याला स्पष्ट नाही म्हण, आणि तेच कायम ठेव. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हे कलम ६६सी खाली येतं, आणि एखादी मुलगी इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला हे सांगताना कलमांपेक्षा एक गोष्ट जास्त लागू पडेल: ती 'आधीची' मैत्रीण आहे, म्हणजे ती नाही म्हणून मोकळी झालीय. आणि स., त्या २,००० रुपयांत तुझा पहिला व्यवसायिक व्यवहार गुन्ह्याचा होईल. मार्कस हचिन्सचं नाव तू यूट्यूबवर ऐकलं असशील. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामनं ब्रिटनमधली हॉस्पिटलं ठप्प केली, तेव्हा त्या प्रोग्रामच्या आत सापडलेलं एक बेवारस डोमेन, म्हणजे कोणीच न घेतलेलं साइटचं नाव, या तरुणानं दहा-अकरा डॉलरला नोंदवलं आणि जगभरचा प्रसार थांबला. तीनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, त्याला लास व्हेगासमध्ये अटक झाली. पोरवयात त्यानं बँकांचे पासवर्ड चोरणारा प्रोग्राम लिहायला हात लावला होता, तो हिशेब निघाला. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी त्याला पुन्हा आत पाठवलं नाही. पण दोन वर्षं तो परक्या देशात खटला लढत बसला.

आता क्लास. १०० टक्के प्लेसमेंट म्हणजे काय, हे लेखी मागून बघ. मागच्या तुकडीतले दहा जण कोणत्या कंपनीत, कोणत्या हुद्द्यावर लागले, आणि त्यातल्या दोघांशी फोनवर बोलता येईल का, एवढंच विचार. माझ्या पाहण्यात असे क्लास सहा महिन्यांत वीसेक अवजारं दाखवतात, प्रत्येक अवजाराचं एक बटण दाबून घेतात, आणि पोरं बाहेर पडतात तेव्हा त्यांना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी व्यवस्था) म्हणजे काय ते धड सांगता येत नाही. काही चांगले शिक्षकही असतात, नाही असं नाही. पण ८५,००० रुपये आणि दोन पाटल्या देण्याइतकं तिथे काय आहे, हे तुला आज ओळखता येणार नाही. फुकटातलं वर्षभर शिकलास की ते ओळखता येईल, आणि बहुधा तोवर गरज उरणार नाही.

फुकटातलं म्हणजे काय ते सांगते, कारण इंटरनेटवर ढीग आहे आणि त्यात निम्मा कचरा. तुझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असली तर पुरे. व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम, टाक, त्यात साधं उबुंटू नावाचं लिनक्स चढव. काली लिनक्सच्या मागे आत्ता लागू नकोस. त्यात अवजारं भरलेली असतात आणि वॉलपेपर भारी असतो, पण ज्यांनी ते बनवलंय त्यांनीच लिहून ठेवलंय की लिनक्सशी ओळख नसलेल्यानं इथून सुरुवात करू नये. आधी बँडिट खेळ. ओव्हर द वायर नावाची मंडळी ते चालवतात. एकेका पायरीवर एक पासवर्ड लपवलेला असतो, तो शोधला की पुढची पायरी उघडते. टर्मिनलची, म्हणजे हुकूम टाइप करायच्या पडद्याची, भीती त्यानं जाते. सोबत आयआयटी खरगपूरच्या प्रा. इंद्रनील सेनगुप्ता यांचा एथिकल हॅकिंगचा कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे, व्हिडिओ मोफत, परीक्षेला बसायचं तर फी हजार रुपयांच्या आसपास. पहिले धडे नुसत्या नेटवर्किंगचे आहेत. कंटाळा येईल. तेच सोडून पुढे उडी मारणारे पुढे अडकतात, कारण नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीचं पाकीट कुठून निघालं, वाटेत कोणाला दिसलं, हे ज्याला माहीत नाही त्याला चोरी कुठे झाली तेही कळत नाही. वायरशार्क चालवून आपल्याच लॅपटॉपवरून होणारी माहितीची ये-जा बघ. हॉस्टेलच्या वायफायवर इतरांची नाही. तू इतरांची बघणार आहेस असं मी म्हणत नाही, पण ४३ चा आकडा मी विसरलेले नाही.

तुझ्या आकड्याचा नाद भागवायला अगदी कायदेशीर जागा आहे. बर्प सूट हे साइट तपासायचं अवजार बनवणाऱ्या पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी मोफत आहे. तिथे आयडॉरचा एक सराव आहे: एका दुकानाच्या साइटवर ग्राहकांशी झालेल्या गप्पांच्या फाइली ठेवल्यात, तुझी फाइल 'दोन डॉट टीएक्सटी' म्हणून उतरते. मग एक नंबरची कोणाची, असा प्रश्न तुला पडेलच. तो तिथे पडू दे. तिथे तो पडावा म्हणूनच साइट बांधलीय.

आणि माझ्याकडून एक गृहपाठ, जो कुठल्या क्लासात देत नाहीत. पायथनमध्ये किंवा पीएचपीत, जे येतं त्यात, आपल्याच लॅपटॉपवर निकालाची एक छोटी साइट बांध. पाच खोटे विद्यार्थी, लॉगिन, गुणपत्रिका. कॉलेजच्या साइटमधली चूक मुद्दाम कर. मग ती फोड. मग दुरुस्त कर आणि पुन्हा फोडून बघ. शेवटी त्यावर दोन पानांचा अहवाल लिही: काय सापडलं, कसं सापडलं ते इतकं स्पष्ट की तुझ्या वडिलांनाही पायऱ्या करून बघता येतील, त्यानं कोणाचं काय नुकसान होईल, उपाय काय. या दोन पानांना हसू नकोस. ओएससीपी नावाची या क्षेत्रातली मानाची परीक्षा जवळपास २४ तास प्रत्यक्ष मशीन फोडण्याची असते, आणि त्यानंतर पुढचे २४ तास अहवाल लिहायला दिलेले असतात. उलट क्लासवाले ज्या सीईएचचं (सर्टिफाइड एथिकल हॅकर या परीक्षेचं) नाव मोठ्या अक्षरांत छापतात, तिची मुख्य परीक्षा चार तासांत १२५ पर्यायी प्रश्नांची. नोकरीच्या जाहिरातीत सीईएच मागतात हे खरं, तेव्हा पुढे कधी कंपनीच्या पैशांनी दे.

बग बाउंटीबद्दल, म्हणजे दोष कळवणाऱ्याला कंपन्या देतात त्या बक्षिसाबद्दल, तू लिहिलं नाहीस, पण मनात असणार. २०१६ मध्ये बंगळूरच्या आनंद प्रकाश यांना फेसबुकनं १५,००० डॉलर दिले. फेसबुकवर पासवर्ड विसरलो म्हटलं की सहा आकडी कोड येतो. मुख्य साइटवर चुकीचे कोड टाकत राहिलं की काही प्रयत्नांनंतर दार बंद होतं. कंपनीच्या चाचणीच्या बीटा साइटवर ते बंदच होत नव्हतं, म्हणजे दहा लाख शक्यता एकेक करून टाकून कोणाचंही खातं उघडता आलं असतं. त्यांनी ते स्वतःच्या खात्यावर करून दाखवलं आणि कळवलं. स्वतःच्या खात्यावर, हे दोन शब्द परत वाच. हे पैसे मिळतात, पण पगारासारखे नाही. तू कळवलेला दोष तुझ्याआधी चार दिवस दुसऱ्यानं कळवलेला असतो आणि महिनाभराची मेहनत शून्य होते. दुसऱ्या वर्षाच्या मुलानं शिकण्यासाठी करावं, घर चालवण्यासाठी नाही. आणि प्रत्येक कंपनीच्या कार्यक्रमात कुठे हात लावायचा, कुठे नाही, हे लिहिलेलं असतं. तीन ओळी, चौथी नाही.

नोकरी मिळेल का, ही आईची काळजी असणार. तिला ११ ऑगस्ट २०१८ चा शनिवार सांग. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेला बगल देऊन नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या परदेशी पैसे पाठवायच्या यंत्रणेमार्फत आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. रिझर्व्ह बँकेनं त्याच वर्षी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आणली आणि २०१९ च्या अखेरीस बँकेच्या आवाक्यानुसार नियम आणखी कडक केले. सांगली-कोल्हापुरात सहकारी बँका किती आहेत ते तुला माहीत आहे. त्यांना तपासणारी, नोंदी बघणारी माणसं लागतात. सुरुवातीचं काम मात्र सिनेमातलं नसतं. रात्रपाळी असते, पडद्यावर हजारो नोंदी सरकत असतात आणि त्यातली कुठली एक वेगळी आहे ते बघायचं असतं. बागेत घडाघडातून फिरून भुरीचा पहिला ठिपका शोधण्यासारखं.

पुण्यात नल नावाच्या संगणक सुरक्षावाल्या मंडळींच्या बैठका होतात, मोफत. गोव्यात २०१० पासून भरणारी नलकॉन परिषद त्यांच्यातूनच उभी राहिली. परिषदेचं तिकीट महाग, बैठकीला एसटीचं भाडं. महिन्यातून एकदा जा, मागच्या खुर्चीत बस, पहिले तीन महिने काही कळणार नाही. चौथ्या महिन्यात तुझ्या निकालाच्या साइटवर दहा मिनिटं बोलायला उभा राहा. कॉलेजच्या नव्हे, तू बांधलेल्या.

प्राचार्यांना पत्र देऊन आलास की त्या रविवारी बँडिट उघड. शून्याची पायरी अर्ध्या तासात होईल. पुढच्या पायरीवर पासवर्ड ज्या फाइलीत आहे तिचं नाव नुसती एक आडवी रेघ आहे. तू 'कॅट' हा फाइल वाचून दाखवायचा हुकूम लिहून पुढे रेघ देशील आणि संगणक गप्प बसेल. तो अडकलेला नाही. त्या रेघेचा अर्थ त्यानं वेगळाच घेतलाय आणि तू काहीतरी टाइप करशील म्हणून तो वाट बघतोय. कंट्रोल-सी दाबून बाहेर ये आणि फाइल कुठल्या जागी आहे हे त्याला सांगायचा विचार कर. उत्तर शोधायला यूट्यूबवर जाऊ नकोस. जमलं की मला कळव, आणि प्राचार्य काय म्हणाले तेही.

— ताई